वनशेती बघायला जाताय? फावडं सोबत घ्या

वनशेती म्हणजे पिकासोबत झाडंही वाढवायची शेती. मक्यामध्ये दर पाच-सहा मीटरवर गिरीपुष्पाची (हिरवळीच्या पाल्यासाठी लावतात ते झाड) ओळ आणि बांधावर उंच झाडं, असं एक जुनं जमलेलं शेत बघून आलो. अशा ठिकाणी लोक झाडांचे फोटो काढून परत येतात, पण खरं काम मातीत चाललेलं असतं आणि ते बघायला थोडी तयारी लागते म्हणून सविस्तर लिहितोय.

जायचं तर पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की जा. तेव्हा फावडं नीट बसतं आणि गांडुळं वरच्या थरात सापडतात, कडक उन्हाळ्यात गेलात तर ती खोल गेलेली असतात आणि माती मेलीय असं उगाच वाटतं. मालकाला विचारूनच खणा. एक खड्डा ओळीलगत, एक दोन ओळींच्या मधोमध आणि एक शेजारच्या झाड नसलेल्या शेतात, हा शेवटचा अजिबात टाळू नका कारण तुलनेशिवाय काहीच कळत नाही. ओळीलगतची माती गडद आणि रवाळ होती, हातात घेतली की आपोआप सुटत होती, बारीक मुळं सगळीकडे. शेजारची मात्र चपट्या थरांनी निघाली.

दोन्हीकडची ढेकळं घरी आणून सावलीत वाळवा आणि ग्लासभर पाण्यात अलगद सोडा. झाडाखालचं ढेकूळ बराच वेळ तसंच राहिलं, उघड्या शेतातलं बघता बघता विरघळून पाणी गढूळ झालं. मुळं आणि बुरशी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, ती पकड नसली की जोराच्या पावसात वरचा थर फुटतो, पापुद्रा धरतो आणि पाणी न मुरता वाहून जातं. हे मुरणं तिथेच मोजता येतं: १५ सेंमी व्यासाचा बिनतळाचा डबा थोडा आत ठोकायचा आणि ४५० मिली पाणी ओतायचं, म्हणजे साधारण २.५ सेंमी पाऊस झाला. पहिलं पाणी जिरलं की परत तेवढंच ओता आणि तो दुसरा वेळ लिहून घ्या.

मालकाला छाटणीबद्दल भरपूर विचारा, माझ्या मते सगळी वनशेती तिथेच जमते किंवा फसते. गिरीपुष्पाचा पाला कोवळा, नत्र भरपूर, काही आठवड्यांत कुजतो, त्यामुळे पेरणीच्या सुमाराला छाटून पसरला तर पिकाला वेळेवर मिळतो. उशीर केला की सावलीही पडते आणि नत्रही उशिरा येतं. भुसा किंवा काड्या मातीत गाडल्या तर त्या कुजताना जीवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं, म्हणून असलं आच्छादन वरच ठेवायचं.

बांधालगतचा मका खुजा होता हेही सांगायलाच हवं. सावली आणि मुळांची पाण्यासाठी ओढाताण, दुसरं काय. मालक बांधाच्या कडेने चर खणून मुळं तोडतात आणि खालच्या फांद्या उतरवतात. तुम्हाला चांगलाच कोपरा दाखवतील, तेव्हा ही कडेची जागा मुद्दाम मागून बघा. कुठलं झाड निवडलंय त्यावरही खूप अवलंबून आहे, आफ्रिकेतलं फैदर्बिया तर पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणजे नेमकं पीक उभं असताना सावली नाही आणि पाला मात्र मिळतो. आणि दर वेळी नवी रोपं लावावीच लागतात असंही नाही, नायजरमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जुन्या खुंटांचे फुटवे राखून लाखो हेक्टरवर झाडं परत आणली.

लागवड किती वर्षांची आहे हे विचारल्याशिवाय निघू नका, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यामुळांतून मातीत साठणारा कार्बन) हळूहळू वाढतो, दोन वर्षांच्या शेतात वीस वर्षांचा फरक शोधू नका. नमुने घेणार असाल तर ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमीचे वेगळ्या पिशव्यांत भरा. आणि दुसऱ्या शेतात शिरण्याआधी फावडं अन् बूट धुवा, मातीतले रोग असेच पसरतात.