बातल ते काझा : मागच्या एक्सलचं ऑईल आणि बुजलेला ब्रीदर

हिमाचलातला मनाली-केलाँगचा चांगला रस्ता ग्रांफूला सोडला की पुढं छत्रू, बातलपर्यंत नुसते दगड, वाळू आणि मधेमधे रस्त्यावरूनच वाहणारे नाले. हे पाणी हिमनदीचं, दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून वाढतं, म्हणून मी आणि मामेभाऊ अंधारातच निघालेलो आणि मोठे नाले सकाळीच पार केले. गाडी म्हणजे आमची जुनी फोर बाय फोर जीप, मागं सॉलिड एक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी पोकळ नळी, आत शाफ्ट आणि ऑईल) आणि ड्रम ब्रेकवाली.

बातलला ढाब्यावर राजमा-चावल सांगून मी गाडीभोवती चक्कर मारली तर मागच्या उजव्या टायरची आतली बाजू ओली. नाल्याचं पाणी असेल म्हटलं तर त्यावर धूळ चिकटून काळा थर बसलेला. बोट लावून वास घेतला, गंधकाचा उग्र वास, म्हणजे गियर ऑईल. अशा वेळी वास घेऊन बघाच, कारण ब्रेक ऑईल पातळ असतं, त्याला असा वास नसतो, आणि ते गळत असेल तर गाडी तिथून हलवायचीच नाही.

मामेभाऊ म्हणाला सील (चाकाकडून ऑईल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) गेलं, काझाला बदलू, चल. पण पुण्याहून निघताना एक्सल कोरडा ठणठणीत होता, थोड्याच दिवसांत सील एवढं कसं गळेल? म्हणून जेवायच्या आधी मी गाडीखाली शिरलो. डिफ्रन्शियलचा, म्हणजे एक्सलच्या मधल्या गियरच्या डब्याचा, फिलर प्लग (ऑईल भरायच्या भोकाचं बूच) सैल केला आणि फुस्स करून हवा बाहेर आली! इथंच सगळं कळलं. एक्सल हाऊसिंगवर ब्रीदर असतो, छोटी टोपी, ऑईल तापलं की आतली हवा त्यातून बाहेर पडते. आमचा ब्रीदर नाल्यांच्या चिखलानं गच्च बुजलेला. त्यात बातल चार हजार मीटरच्या आसपास, बाहेर हवेचा दाब कमी, मनालीत घेतलेलं चिप्सचं पाकीट इथं टम्म फुगतं तसा एक्सल आतून फुगलेला, आणि दाबाला वाट मिळाली ती चाकाकडच्या जुन्या सीलमधून.

तारेनं टोपी मोकळी केली, फुंकर मारून बघितली. मग भोकात करंगळी घालून लेव्हल बघितली, ऑईल भोकाच्या काठाला लागायला हवं ते बरंच खाली होतं. पण दुधाळ झालं नव्हतं, हे फार बरं झालं. तापलेला एक्सल बर्फाच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जाऊ शकतं, तसं झालं असतं तर सगळं ऑईल काढून टाकावं लागलं असतं. सोबत ८०डब्ल्यू-९० गियर ऑईलचा डबा होता, जुन्या सलाईनच्या नळीनं काठापर्यंत भरलं.

पुढं कुंझुम खिंड, म्हणजे साडेचार हजार मीटर, आणि मग लोसारपर्यंत उतार. ऑईल ड्रममध्ये गेलेलं असणार म्हणून मागच्या त्या ब्रेकवर भरवसा नव्हता, शिवाय हँडब्रेकही त्याच ड्रमवर, त्यामुळे सगळा उतार लो गियरमध्ये इंजिनावर उतरवला आणि थांबलो की चाकाला दगड लावला. लोसारला परत बघितलं तर गळती जवळपास थांबलेली.

काझाला मिस्त्रीनं चाक काढलं, ड्रम काढला, लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे पट्टे) ऑईलनं भिजलेले. तो म्हणाला, "भाईजी, पेट्रोलने धो देता हूँ।" मी नको म्हणालो. भिजलेला लायनर वरून कितीही धुतला तरी गरम झाला की आतलं ऑईल परत वर येतं, आणि स्पितीच्या घाटात ब्रेक एका बाजूला ओढायला लागला तर काय होईल याचा विचारही नको. नवीन लायनर मिळाले, तेही जोडीनं, दोन्ही चाकांचे बदलले. मग ब्रेक पाइप सोडवून, बॅक प्लेटचे (ड्रममागच्या पत्र्याचे) नट काढून एक्सल शाफ्ट बाहेर ओढला. बेअरिंगला खेळ नव्हता, शाफ्टवर सील घासतं तिथं नख फिरवून बघितलं, खाच पडलेली नव्हती. खाच असती तर नवं सीलही गळलं असतं. सील माझ्याकडं होतंच, त्याच्या ओठाला ग्रीस लावून मिस्त्रीनं तेवढ्याच व्यासाच्या पाइपनं हळूहळू सरळ ठोकून बसवलं. इतकं शांत आणि नीट काम मी मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्येही कमी बघितलंय. शेवटी ब्रेकची हवा काढली.

ब्रीदरचं काम मात्र मी स्वतः केलं. टोपी काढून तिथं रबरी नळी लावली आणि चेसिसला बांधत मागच्या लाईटच्या उंचीपर्यंत वर नेली, टोकाला उलटी वळवून. नाले ओलांडायचे असतील तर हे घरूनच करून निघा, नळीला फार पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पिन खोऱ्यात मुद गावाला गेलो, वाटेत पाणी लागलंच. मुदला पोचल्यावर टायर बघितला, आतून कोरडा, आणि प्लग उघडला तर फुस्स नाही.