वळवाचा पाऊस, चौथा मजला आणि विजेचे बिल

मागच्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसाने कोल्हापूर शहराला झोडपले, त्या संध्याकाळी गुलमोहराची एक जाड फांदी आमच्या गल्लीतल्या तारांवर कोसळली आणि साडेसातच्या सुमारास गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. वायरमन रात्री भर पावसात खांबावर चढून काम करत होते, हे आम्ही गॅलरीतून पाहत होतो, त्यामुळे कोणाविषयी तक्रार करावी असे मनातही आले नाही. पण आमचा इन्व्हर्टर साडेअकरालाच बंद पडला. चौथ्या मजल्यावरच्या, थेट गच्चीखालच्या त्या घरात माझ्या ७९ वर्षांच्या सासूबाई पहाटेपर्यंत हातपंखा हलवत बसून राहिल्या. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन फ्रिजमध्ये होते आणि फ्रिज बंद होता. त्या रात्री मला जी असहायता वाटली ती पुन्हा वाटू नये, म्हणून मी घरातल्या विजेचा हिशेब वहीत लिहायला सुरुवात केली.

पहिले काम मीटर वाचण्याचे होते. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे त्यावरचा तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्च होते. घरातले सगळे दिवे आणि पंखे बंद करून मी जिन्यात उभी राहिले, तरी दिवा अधूनमधून लुकलुकतच होता, कारण टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टरचे चार्जिंग चालूच होते. मग मुलाने गीझर सुरू केला आणि तो दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा उडू लागला. विजेचे बिल म्हटले की आपण मुलांना दिवा बंद करण्यावरून बोलतो, पण आमच्या घरातले सहा एलईडी दिवे रोज पाच तास जळले तरी महिन्याला आठ युनिटच होतात. नळाचे २२ अंशांचे पाणी अंघोळीपुरते ४० अंशांपर्यंत तापवायचे, तर १८ लिटरच्या एका बादलीला साधारण ०.३८ युनिट लागते. तेवढ्या विजेत ९ वॉटचा एक दिवा चाळीस तासांहून जास्त वेळ जळतो. आम्ही पाच माणसे आहोत, म्हणजे नुसत्या अंघोळीचे महिन्याला ५७ युनिट झाले.

याच ठिकाणी बिलाच्या टप्प्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याविषयी आमच्या इमारतीतही बराच गैरसमज होता. घरगुती वापराचे दर शंभर युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा आणि ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा असे वाढत जातात. शंभर युनिटांपुढचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. मात्र शंभराची सीमा ओलांडली म्हणून मागची सगळी युनिटे महाग होत नाहीत, फक्त वरची युनिटे वरच्या दराने लागतात. याचा अर्थ असा, की आपण वाचवलेले प्रत्येक युनिट आपल्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते, आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लागत असल्यामुळे तेही त्याबरोबर उतरते. हे समजल्यावर थोडक्याच बचतीचा कंटाळा येईनासा झाला.

कोल्हापुरात थंडीसाठी खोल्या गरम कराव्या लागत नाहीत. इथला उष्णतेचा खर्च तो पाण्याचा. माझ्या माहेरी, शुक्रवार पेठेत, परसात तांब्याचा बंब असे आणि त्यात गुऱ्हाळावरून आणलेली चिपाडे, काटक्या, कधी शेणी जळत. आता फ्लॅटमध्ये बंब पेटवणे शक्य नाही आणि धुराने सासूबाईंना खोकला होतो, त्यामुळे त्या दिवसांविषयी हळहळ करण्यात अर्थ नाही. आम्ही गच्चीवर सौर बंब बसवला. तो नोव्हेंबरपासून मेपर्यंत उत्तम चालतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच गरम पाणी हवेसे वाटते. त्या दोन महिन्यांत आम्ही गीझर वीस मिनिटे चालवून बंद करतो आणि पाठोपाठ अंघोळी उरकतो, कारण तापलेले पाणी टाकीत उगाच ठेवले तर ते निवते आणि पुन्हा तापवावे लागते.

उन्हाळ्याचा प्रश्न याहून अवघड होता. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता खाली सोडत राहते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेल्या या गावात संध्याकाळचा पश्चिमेचा वारा हे मोठे देणे आहे, परंतु आम्ही एसी घेतल्यापासून पश्चिमेच्या खिडक्याच उघडत नव्हतो. दीड टनाचा तो एसी रात्रभर चालला की सात-आठ युनिटे जात आणि एप्रिलचे आमचे बिल ३०० युनिटांच्या पुढे जाई. यंदा मार्चमध्येच सोसायटीच्या परवानगीने आम्ही गच्चीला गोंद घातलेल्या पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. रात्री दहा वाजता आतल्या खोलीत पूर्वी ३४ अंश दिसत, तिथे आता ३१ दिसतात. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण झोप लागणे आणि न लागणे यांत तेवढेच अंतर असते. एसी आम्ही काढून टाकलेला नाही. तो २६ अंशांवर, वर पंखा मंद ठेवून, फक्त सासूबाईंच्या खोलीत आणि फक्त पहिले दोन तास चालतो. कूलरविषयी इतकेच सांगते, की तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालत असल्यामुळे एप्रिलच्या कोरड्या हवेत फार उपयोगी पडतो, पण मेअखेर हवेत दमटपणा आला की अंग चिकट करण्यापलीकडे काही करत नाही.

आता वीज जाण्याविषयी. आमची इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेची आहे. गुणाकार केला तर १८०० वॉट-अवर होतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि रूपांतरातही वीज वाया जाते, म्हणून मी हजारच धरते. त्या रात्री आम्ही ७५ वॉटचे तीन जुने पंखे आणि दिवे मिळून अडीचशे वॉट ओढत होतो, त्यामुळे चार तासांत सगळे संपणारच होते. दुकानदार दुसरी बॅटरी घ्या म्हणत होता. आम्ही त्याऐवजी तीनही पंखे बदलून कमी विजेवर फिरणाऱ्या बीएलडीसी मोटरचे घेतले, जे प्रत्येकी साधारण ३० वॉट घेतात. आता रात्री दोन पंखे, दोन दिवे आणि वायफाय मिळून शंभर वॉटसुद्धा होत नाहीत आणि तीच बॅटरी दहा तास पुरते. ज्या खर्चाने वीज गेल्यावरचा प्रश्न सुटला, त्याच खर्चाने रोजचे बिलही उतरले, हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे वाटते.

शेजारच्या इमारतीतल्या काकांनी पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले, त्यांना ७८ हजारांचे अनुदानही मिळाले आणि त्यांचे बिल खरोखर खाली आले. पण भर दुपारी लख्ख ऊन असताना वीज गेली तेव्हा त्यांच्याही घरात पंखा थांबला आणि त्यांना फसवले गेल्यासारखे वाटले. यात फसवणूक नाही. ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला, जोडलेली यंत्रणा वीज गेल्यावर आपोआप बंद होते, कारण ती चालू राहिली तर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि ही गोष्ट पैसे देण्याआधी प्रत्येकाला समजावून सांगितली गेली पाहिजे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण आल्याशिवाय हा विषय माझ्या मनात पुरा होत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि तेव्हा नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. माहेरच्या घरात पाणी शिरले. डीपी, म्हणजे गल्लीला वीज वाटणारी पेटी, पाण्यात गेल्यावर वीज मुद्दाम बंद ठेवावीच लागते, त्यामुळे तो अंधार कित्येक दिवसांचा होता, आणि त्या अंधारात माझे वडील ट्रान्झिस्टरवर राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते ऐकत बसत. ते सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यांना वीज लागत नाही, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. पूर ओसरल्यावर त्यांनी वायरमनने तपासल्याखेरीज एकही बटण दाबू दिले नाही, आणि नंतर घरातले सगळे बोर्ड छातीच्या उंचीवर घेतले.

इन्सुलिनचा प्रश्न डॉक्टरांना विचारून सोडवला. वापरात असलेली बाटली थंड जागी, फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच हव्यात, आणि दार उघडले नाही तर फ्रिज चारेक तास गारवा धरतो. त्यापुढची सोय म्हणून मोठ्या कुंडीत ओल्या वाळूवर लहान माठ ठेवला आहे, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली राहते.

पाण्याचा पंप मात्र अजून सुटलेला नाही. एक हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे ७४६ वॉट, आणि सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, तेव्हा घरगुती इन्व्हर्टरला तो झेपणार नाही. आठ बिऱ्हाडांनी मिळून हायब्रिड यंत्रणा घ्यावी असा प्रस्ताव मी लिहून दिला आहे आणि रविवारच्या बैठकीत मीटरची वही घेऊन जाणार आहे. तोपर्यंत आभाळ भरून येण्याआधी, दुपारी दोन वाजताच, वरची टाकी भरून ठेवण्याची जबाबदारी आम्ही आठ घरांत वार लावून वाटून घेतली आहे. आमचा वार गुरुवारचा आहे.