तुम्ही विचारलंत म्हणून: काळी बिअर जास्त चढते का?

बिअरचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. काळी बिअर म्हणजे जास्त कडू आणि जास्त कडक ना? मग जर्मनीतल्या बव्हेरियातली माणसं जेवताना अर्धा अर्धा लिटर ती पितात कशी?

दोन्ही समज चुकीचे आहेत. आपल्याकडे मिळणारी सोनेरी ‘स्ट्राँग’ बिअर ८ टक्के अल्कोहोलपर्यंत जाते. म्युनिकच्या आग्नेयेला, सुमारे २५ किलोमीटरवर आयिंग नावाचं गाव आहे. तिथल्या इन्सेलकामर घराण्याच्या आयिंगर ब्रुअरीची ‘आल्टबायरिश डुंकेल’ आहे ५ टक्क्यांची. डुंकेल ही बव्हेरियाची जुनी काळपट लागर, म्हणजे थंडीत आंबवून गार जागी मुरवलेली बिअर. ग्लास उजेडासमोर धरला की ती काळी नसून तांबूस तपकिरी आहे हे लगेच दिसतं. कडवटपणाही बेताचाच: चांगल्या डुंकेलमध्ये तो साधारण १८ ते २८ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) असतो, म्हणजे फिकट चेक पिल्सनर बिअरपेक्षा कमी. तोंडात आधी येते ती पावाच्या खरपूस कडेची चव.

ही चव आणि हा रंग माल्टमधून येतो. बार्ली भिजवून, मोड आणून ती भट्टीत वाळवतात. फिकट पिल्सनर माल्ट शेवटी ८० ते ८५ अंशांवर वाळतं, म्युनिक माल्ट १०० ते १०५ अंशांवर. या वीसेक अंशांत साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात आणि रंग, वास, चव तिन्ही बदलतात. लाडवासाठी बेसन मंद आचेवर भाजतात, अगदी तसं. घाईने आच वाढवली तर रंग लवकर येतो, पण चव करपट लागते. डुंकेल फसते ती इथेच. फिकट माल्ट घेऊन त्यात भरपूर काळं भाजलेलं माल्ट टाकलं की रंग जुळतो, पण पेयाला कॉफीचा, जळकट वास येतो आणि अंग पातळ राहतं. डुंकेलचा पाया म्युनिक माल्टचाच हवा, आणि तोही जवळजवळ पूर्ण.

२० लिटरचा हिशेब असा: म्युनिक माल्ट साडेचार किलो आणि रंगापुरतं साल काढलेलं काळं माल्ट ८० ते १०० ग्रॅम. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. हालरटाऊ मिटेलफ्र्यू जातीचे हॉप्स ४ टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा यातूनच येतो) असतील तर ४५ ग्रॅम पुरतात. त्यातले बहुतेक माल्टच्या गोड रसाला उकळी फुटल्यावर लगेच घालायचे. शेवटी मूठभर हॉप्स टाकायचा मोह आवरावा, त्यांचा वास माल्टवर कुरघोडी करतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे. हे आकडे ब्रुअरीतल्या चाचणी घाण्यासाठी आहेत.)

जुन्या पद्धतीत डिकॉक्शन करतात. मॅश (गरम पाण्यात कालवलेलं भरडलेलं माल्ट) ६३ अंशांवर असताना त्यातला एक तृतीयांश घट्ट भाग वेगळा काढायचा, ७२ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचा, मग १५ ते २० मिनिटं उकळून परत ओतायचा. सगळा मॅश ७२ अंशांच्या आसपास येतो. घट्टच भाग का? कारण एन्झाइम पातळ पाण्यात असतात. ते उकळले तर मेले, मग उरलेल्या स्टार्चची साखर करायला कोणी उरत नाही. उकळताना हात थांबवायचा नाही. एकदा तळाला लागलं की तो वास शेवटपर्यंत जात नाही. परत ओततानाही टप्प्याटप्प्याने ओतावं आणि तापमान पाहत राहावं.

म्युनिकचं पाणी बायकार्बोनेटमुळे जड. फिकट माल्टबरोबर त्यात मॅशचा पीएच चढा राहतो आणि हॉप्सचा कडवटपणा बोचतो. गडद माल्ट किंचित आम्लधर्मी असल्यामुळे पीएच ५.४ च्या आसपास उतरतो. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनच्या मऊ पाण्यात फिकट बिअर जमली आणि म्युनिकमध्ये गडद, त्यामागचं मोठं कारण हेच.

लागर थंडीत आंबवायची, हा भाग इतिहासातूनच आला. १५५३ पासून बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. हिवाळ्यात बनवून गार तळघरात ठेवण्याच्या त्या शिस्तीत थंडीत काम करणारं यीस्ट टिकलं.

२० लिटरला कोरड्या लागर यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं लागतात, एकावर भागत नाही. रस ९ अंशांवर आणूनच यीस्ट घालावं. २० अंशांवर घालून मग गार करत गेलात तर फळांचा वास येतो आणि लागरपण जातं. आंबण्याची क्रिया १० ते ११ अंशांवर चालू द्यावी. ती संपत आली की दोन दिवस १४ ते १५ अंशांवर ठेवावी, म्हणजे यीस्ट डायअसिटाइल (लोण्यासारखा वास देणारं द्रव्य) खाऊन टाकतं. ते गेलं की नाही हे तपासणं सोपं आहे: झाकलेल्या ग्लासात नमुना घेऊन ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, गार करा आणि हुंगा. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर अजून थांबा. सुरुवातीला गंधकाचा वास येतो, त्याने घाबरू नये, तो पुढे जातो.

मग ० ते २ अंशांवर चार ते सहा आठवडे. इथे खरी कसोटी पैशाची आहे. तेवढे दिवस टाकी अडकते आणि त्याच टाकीत एखादी झटपट एल (उबेत लवकर आंबणारी बिअर) दोनदा निघाली असती. गावात राहून पिढ्यान्‌पिढ्या ब्रुअरी चालवणाऱ्या घराण्यांनी डुंकेल टिकवली याचं आम्हाला फार मोल वाटतं. १८९४ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने हेलेस ही फिकट लागर आणली आणि हळूहळू बाजार तिकडे वळला. आयिंगरसुद्धा हेलेस बनवते, पण डुंकेल सोडलेली नाही.

बाटली मिळालीच तर आधी तारीख पाहा. गरम गोदामात राहिलेल्या डुंकेलला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बर्फगार पिऊ नका, ७ ते ८ अंशांवर माल्ट खुलतं. सोबत भाजलेलं मटण किंवा कोंबडी उत्तम.