राजगड–तोरणा धार: तिसऱ्या खेपेला जमली

राजगडावरून तोरण्याला जाणाऱ्या डोंगरधारेवरून मागचे दोन हिवाळे अर्ध्यातच, मधल्या खिंडीतून डांबरी रस्त्याला लागून घरी आलो होतो. दोन्ही वेळा दम शिल्लक होता, गुडघे संपले होते. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड करत होतो, चढायची वेळही कमी होत होती, पण धारेवर त्याचा उपयोग झाला नाही.

यंदा नोव्हेंबरपासून फक्त उतरण्यावर लक्ष दिलं. सिंहगडावरून येताना कितीही वेळ लागो, एकदाही घसरायचं नाही, एवढंच ठरवलं. मग पौर्णिमा गाठून कात्रज–सिंहगड केला. जुन्या बोगद्याशी वाघजाईच्या देवळापाशी निघायचं आणि लोक ज्या तेरा टेकड्या मोजतात त्या मोजत जायचं. एकही टेकडी फार उंच नाही. पण कमावलेली उंची दर वेळी पुढच्या खिंडीत टाकून द्यावी लागते, आणि गवत वाळलं की मुरूम पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा घरंगळतो. आमच्यातले एक काका पुढून ओरडत होते, "अरे, मागे रेलू नकोस! वजन पायावर ठेव." भीतीने अंग मागे टाकलं की टाच सुटते आणि माणूस बसतोच. गुडघा सैल, पावलं आखूड, नजर पुढच्या चार पावलांवर. आठव्या-नवव्या टेकडीच्या सुमारास ते अंगात उतरलं.

परवाच्या रविवारी पहाटे साडेपाचला गुंजवणे सोडलं, चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर. टाक्यावर चार लिटर पाणी भरून घेतलं. पुढे धारेवर पाणी धरू नका, पावसाळा सरल्यावर तर नाहीच. संजीवनी माची तीन टप्प्यांत उतरत जाते. त्या दुहेरी तटबंदीतून चालताना मी दर वेळी रेंगाळतो, यंदाही अर्धा तास गेला. त्याबद्दल तक्रार नाही.

अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की खरी परीक्षा. इथेच दोनदा माझी वाट लागली होती. घसारा, म्हणजे पायाखालचा सुटा मुरूम, तोच. कारवीच्या झुडपांना धरायचा मोह टाळला, वाळकी कारवी हातात येते. खाली पोचलो तेव्हा मांड्या भरल्या होत्या, गुडघे शाबूत.

खिंडीत रस्ता ओलांडला आणि या खेपेला पाय समोरच्या चढाला लागले. धारेवर एका धनगराच्या घरी ताक प्यायलो. मावशी म्हणाल्या, "पोरा, आता चढ हाय, बसू नगंस जास्त." दुसरा तांब्या मात्र आग्रहाने दिला.

तोरणा १४०३ मीटर, आणि बुधला माचीखालचा कातळटप्पा थकल्यावर समोर येतो. हातापायाला पकडी (होल्ड) मोठ्या आहेत, पण सॅक मागे ओढते. जड सॅक असेल तर आधी वर चढवून घ्या. पावणेतीनला माचीवर पोचलो. मागे वळून पाहिलं तर संजीवनीची शेपटी निळसर दिसत होती आणि मधली अख्खी धार, तिचे सगळे उतार, एका नजरेत. डोळे भरून आले.

गडावरच्या मेंगाई देवीचं दर्शन घेऊन बिनी दरवाज्याने उतरलो. वेल्ह्यात पोचलो तेव्हा ऊन होतं.

आता पुढच्या खेपेला सिंहगडापासून सुरुवात: कल्याण दरवाज्याने उतरून विंझर, तिथून राजगड. पुढचे रविवार कल्याण दरवाज्याच्या उतारावर.