मिनियापोलिसमधला बहिष्कार आणि लक्ष्मी रोडवरची स्टुलं

मागच्या आठवड्यात पुण्याला आले. झोपेचं गणित अजून जुळलं नव्हतं, पहाटे चारला उठून बसले होते, तर आईही उठली आणि चहा टाकता टाकता तिने विचारलं, "काय गं, तुमच्याकडच्या त्या दुकानावरचा बहिष्कार चालू आहे का अजून? काही उपयोग झाला का?" फेब्रुवारीपासून मी तिला फोनवर सांगत होते, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "झाला आणि नाहीही झाला." तर म्हणाली, "हे काय उत्तर झालं? नीट सांग." त्या पहाटे तिला जे सांगितलं, तेच आज इथे लिहिते आहे.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या उपनगरात राहायला लागून मला अकरा वर्षं झाली. बहिष्कार जिच्यावर, ती टार्गेट कंपनी तिथलीच. मुख्यालय गावाच्या मध्यभागी निकोलेट मॉल नावाच्या रस्त्यावर आहे आणि देशभरात जवळजवळ 2,000 दुकानं आहेत. दूध, टॉवेल, मुलांचे मोजे, वह्या, औषधं, सगळं एका छपराखाली मिळतं. पुण्यात आपण "जरा तुळशीबागेत जाऊन येते" म्हणतो ना, तसं तिकडे "जरा टार्गेटला जाऊन येते" म्हणतात. आणायचं असतं एक, येतात सहा वस्तू. माझ्या मुलीचे पहिले कपडे तिथलेच. आमच्या मराठी मंडळातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला आहे.

25 मे 2020 रोजी आमच्याच शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. त्यानंतरच्या जाळपोळीत लेक स्ट्रीटवरच्या टार्गेटची नासधूस झाली. नोव्हेंबरात ते दुकान पुन्हा उघडलं. कंपनीने त्या काळात मोठे शब्द दिले. कृष्णवर्णीयांना नोकरीत वर येण्याची संधी देऊ, आणि 2025 अखेरपर्यंत कृष्णवर्णीय मालकांच्या उद्योगांवर 2 अब्ज डॉलर खर्च करू. हे नुसतं कागदावर राहिलं नाही, फळ्यांवर दिसायला लागलं. माझी ऑफिसमधली एक मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, वयाने मोठी, मला बहिणीसारखी. तिने एकदा मला हाताला धरून केसांच्या तेलांच्या आणि क्रीमच्या फळीपाशी नेलं होतं. एक बाटली उचलून, मागचं लेबल वाचून दाखवून म्हणाली, "माझ्या लहानपणी आई यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची. दोन बस बदलून." ती बाटली तिने दुकानातल्या ढकलगाडीत ठेवली नाही. चालताना हातातच धरून ठेवली होती.

म्हणून 24 जानेवारी 2025 ची बातमी तिला जशी लागली तशी मला लागणं शक्य नव्हतं. ट्रम्प यांच्या शपथविधीला चार दिवस झाले होते. विविधता, समता आणि समावेशनाची, म्हणजे डीईआयची, तीन वर्षांची उद्दिष्टं आपण संपवत आहोत, असं टार्गेटने जाहीर केलं. नेकिमा लेव्ही आर्मस्ट्राँग या मिनियापोलिसमधल्या वकील आणि कार्यकर्त्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1 फेब्रुवारीपासून बहिष्काराची हाक दिली. पाठोपाठ जॉर्जियातले पाद्री जमाल ब्रायंट यांनी 5 मार्चपासून चाळीस दिवस टार्गेटचा उपास करायला सांगितलं. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवस एखादी आवडती गोष्ट सोडतात, त्यालाच त्यांनी हे जोडलं. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरात मी वाढले, मला ते लगेच कळलं. रोजच्या सवयीतलं सोडायचं, तेही मोजून इतके दिवस, म्हणजे सोडणाऱ्याला स्वतःचा निग्रह कळतो.

मीही सोडलं. पहिले दोन आठवडे गाडी त्या चौकात आपोआप वळायची. पुढे सवय मोडली. अर्थात मला ते जमलं, कारण दुसरीकडे जाण्याची सोय होती. गाडी आहे, कॉस्टको या दुसऱ्या मोठ्या दुकानसाखळीचं सभासदत्व आहे. त्या कॉस्टकोनेही त्याच जानेवारीत अशाच दबावाला तोंड दिलं होतं. डीईआय धोरणाविरुद्धचा प्रस्ताव तिच्या भागधारकांनी 98 टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला. ज्यांना रात्रपाळी करून बसने घरी जायचं आहे आणि वाटेत एकच दुकान आहे, त्यांनी टार्गेट सोडलं नाही म्हणून त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आमच्याकडे काहींनी ठेवली, आणि ते मला आवडलं नाही.

आता उपयोगाचं. फेब्रुवारी ते एप्रिल या तिमाहीत टार्गेटची तुलनात्मक विक्री, म्हणजे वर्षभरापूर्वी होती त्याच दुकानांची आणि ऑनलाइनची मिळून, 3.8 टक्क्यांनी घटली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ब्रायन कॉर्नेल यांनी कारणं दिली ती अशी: ग्राहकांचा डळमळीत विश्वास, आयात कराची अनिश्चितता आणि जानेवारीच्या निर्णयावरची प्रतिक्रिया. म्हणजे आमचं नाव यादीत आलं, पण तिसरं. किती घट बहिष्कारामुळे आणि किती महागाईने हात आखडल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. ऑगस्टमध्ये कॉर्नेल पद सोडणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि त्यांच्या जागी नेमले ते कंपनीतच वीस वर्षं काढलेले मायकेल फिडेल्की. जानेवारीतला निर्णय मात्र तेव्हाही मागे घेतला नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वॉलमार्टनेही डीईआयमधून अंग काढून घेतलं होतं, तेही टार्गेटच्या आधी, नोव्हेंबर 2024 मध्ये. त्याच्या अमेरिकेतल्या दुकानांची तुलनात्मक विक्री त्याच तिमाहीत 4.5 टक्क्यांनी वाढली. गुन्हा तोच, मग शिक्षा एकालाच का? मैत्रीण म्हणाली, "वॉलमार्टने मला कधी शब्दच दिला नव्हता." माझ्या मते सगळं इथे आहे. परक्या माणसाने दार लावलं तर आपण पुढच्या दारी जातो. घरच्याने शब्द फिरवला तर जिव्हारी लागतं. बहिष्कार लागू पडतो तो, ज्याने आपल्याला आपलं म्हटलं होतं आणि आपल्याच येण्याजाण्यावर ज्याची उठबस होती, त्याला. जो दुकानदार मुळातच आपल्या जिवावर जगत नाही, त्याच्या दारावरून न जाण्याची आपली प्रतिज्ञा त्याला कळतसुद्धा नाही.

आणि हे हत्यार सगळ्यांच्या हातात आहे, हेही मान्य करायला हवं. 2016 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना आपापल्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरू देण्यावरून याच टार्गेटवर परंपरावाद्यांनी बहिष्कार टाकला होता. 2023 मध्ये प्राइड महिन्याच्या कपड्यांवरून पुन्हा. तेव्हा कंपनीने काही माल फळ्यांवरून काढला, आणि त्या तिमाहीत तुलनात्मक विक्री 5.4 टक्के घटली. आपल्याकडे ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कने हिंदू सुनेच्या मुस्लिम सासरच्या डोहाळजेवणाची जाहिरात दोन-चार दिवसांत मागे घेतली, तीही बहिष्काराच्याच हाकेने. मला त्या जाहिरातीत दुखावण्यासारखं काही दिसलं नव्हतं. माणसं एकवटली की दुकानदार दबतो. मागणी न्यायाची आहे की नाही, हे गल्ला विचारत नाही. ते आपणच आपल्याला विचारायला हवं.

काही बहिष्कार मात्र लवकरच विरतात. 2020 मध्ये गोया या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रमुखाने ट्रम्प यांचं कौतुक केलं म्हणून बहिष्काराची हाक उठली. उलट बाजूच्या लोकांनी मुद्दाम जाऊन खरेदी केली. अमेरिकेतल्या संशोधकांनी पावत्या तपासल्या, तर विक्री चक्क 22 टक्के वाढली होती, आणि तीन आठवड्यांत पूर्ववत झाली. रागही ओसरला, कौतुकही. गलवाननंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिनी मालाविरुद्ध किती संदेश आले होते! त्या 2020 च्या वर्षात भारतात सगळ्यात जास्त खपलेले फोन शाओमीचेच होते.

पुण्यात बसून हे लिहिताना 1905 आठवणारच. 7 ऑक्टोबरला इथे विदेशी कपड्यांची होळी झाली, सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहातून बाहेर काढलं. ही होळी शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. मला त्याच्याइतकाच मोठा वाटतो पैसा फंड. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाची कल्पना: लोकांकडून एकेक पैसा गोळा करायचा आणि देशी उद्योग उभा करायचा. त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. विलायती काच नको म्हणायचं तर कंदिलाची चिमणी कुठून आणायची, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं. ते या माणसांनी दिलं.

याच कारणाने कृष्णवर्णीय उद्योजकांची बाजू मला टाळता येत नाही. टॅबिथा ब्राऊन या अशाच एक उद्योजक, त्यांच्या वस्तू टार्गेटमध्ये मिळत होत्या. जानेवारीत त्यांनी लोकांना कळवळून सांगितलं की तुम्ही दुकान सोडलंत तर आमचा माल पडून राहील आणि मग आम्हालाच फळीवरून काढतील. मैत्रिणीने यावर तोडगा काढला. तिने मला दाखवलेल्या बाटलीतलं तेल ज्या बाई बनवतात, त्यांच्या संकेतस्थळावरून ती थेट मागवायला लागली. पार्सलचा खर्च जास्त पडतो, तो ती देते. पण सगळ्यांना हे परवडणारं नाही. आणि मंडळाच्या गणपतीत एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू जात नाहीस, ठीक आहे. पण यांची नोकरी तिथेच आहे. व्हिसा त्या नोकरीवर आहे. आम्ही कुठे जायचं?" ऑक्टोबरमध्ये कंपनीने कार्यालयीन 1,800 पदं कमी केली. कारण दिलं ते कारभारातली गुंतागुंत कमी करण्याचं. तिच्या नवऱ्याचं पद वाचलं. तरीही तिला फोन करताना माझा हात अडखळला होता.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "आमचं बरं होतं बाई. आमचा दुकानदार समोर बसलेला होता."

2019 ची गोष्ट. मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आई आणि तिच्या भिशीच्या बायका लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात गेल्या होत्या. नाव लिहीत नाही. काउंटरमागची मुलगी साड्या उलगडता उलगडता एक पाय चपलेतून काढायची, दुसऱ्या पायावर टेकवायची, परत चपलेत घालायची. आईने विचारलं तेव्हा कळलं, सकाळी दहा ते रात्री नऊ बसायचं नाही. केरळने 2018 मध्येच दुकानांतल्या बायकांना बसायला मिळावं म्हणून कायदा बदलला होता, आईने पेपरात वाचलं होतं. ती थेट गल्ल्यापाशी गेली. मालक म्हणाले, "काकू, गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसत नाही." आई म्हणाली, "आम्ही बसलोय आणि ती उभी, हे आम्हाला बरं दिसत नाही. स्टुलं ठेवा, मग येऊ." बस्ता चार दुकानं पलीकडे बांधला गेला. चौदा जणी होत्या भिशीत, आणि त्या वर्षी चौघींच्या घरी कार्य होतं. प्रत्येकीने आधी या दुकानात जाऊन कारण सांगितलं आणि मग पलीकडे खरेदी केली. दिवाळीच्या आधी तीन स्टुलं आली.

काल आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो, भाच्याच्या लग्नासाठी. स्टुलं होती. तिन्हींवर साड्यांचे खोके रचलेले होते आणि मुली उभ्या होत्या. आईने पर्स काउंटरवर ठेवली, आडव्या फळीखालून आत गेली आणि एकेक करून खोके जमिनीवर उतरवले. चौथ्या खोक्याला मी हात दिला. "बस गं आधी," ती समोरच्या मुलीला म्हणाली. मुलीने गल्ल्याकडे बघितलं. आईनेही तिकडेच बघितलं, बराच वेळ. मुलगी बसली.

"आता ती मोरपंखी दाखव," आई म्हणाली. "बसूनच दाखव, आम्हाला घाई नाही."