नोकिया का बुडाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून

मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमर गेली, त्यामुळे गिऱ्हाईक हटकून विचारतं, "एवढे दणकट फोन काढणारी नोकिया बुडाली कशी हो?" आळशी झाले असतील, हे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मला ते पटत नाही. आणि बुडाला तो फोनचा धंदा. कंपनी आजही टॉवरची यंत्रणा बनवते.

२००३ साली आलेले 'नोकिया ११००' हे फोन मी किती उघडले याला गणती नाही. टी-सिक्सच्या ड्रायव्हरने स्क्रू काढले की आत सगळं जागच्या जागी. कीपॅडवर अखंड रबर, त्यामुळे शेतातली धूळ आत शिरत नसे. वर टॉर्च. जगभर २५ कोटींच्या वर खपलेली ही वस्तू आळशी माणसांच्या हातून घडत नाही.

जानेवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवला. त्यात थ्रीजी नव्हतं, कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. त्याच वर्षी बाजारात आलेल्या नोकिया एन९५ मध्ये थ्रीजी, जीपीएस आणि ५ मेगापिक्सेल. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर तर मुलाखतीत हसले: एवढा महाग, आणि कीबोर्डही नाही! कागदावर तुलना केली असती तर मीही एन९५च घेतला असता. खोट त्या तुलनेतच होती. सगळे फोनच्या मापाने मोजत होते, आणि ॲपलने खिशात मावणारा कॉम्प्युटर आणला होता.

२००८ च्या अखेरीस नोकियाने '५८००' हा टचचा फोन काढला. त्याचा पडदा दाबावर चालायचा. वरचा पातळ थर खालच्याला टेकला तरच बोट कळायचं, म्हणून लोक नखाने दाबायचे. सोबत स्टायलसही यायचा. यादीतलं नाव एकदा टेकवून निवडायचं, दुसऱ्यांदा टेकवून उघडायचं. नोकियाचे फोन चालवणारी सिम्बियन ही प्रणाली बटणांच्या फोनवर वाढलेली, तिची ही सवय टचमध्येही राहिली. आयफोनच्या काचेवरून बोट नुसतं फिरवलं की काम व्हायचं. जाहिरातीत मात्र दोन्हींपुढे 'टचस्क्रीन' एवढंच लिहिलेलं.

सगळ्यांचं लक्ष आयफोनवर असताना खालून स्वस्त अँड्रॉइड आले, आणि आमच्याकडे खरा घाव त्यांनीच घातला. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेण्याची घोषणा झाली. घेणारी मायक्रोसॉफ्ट, प्रमुख तेच बाल्मर.

नोव्हेंबर २०१४ मध्ये चेन्नईजवळचा नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. हजारो कामगार, त्यात कितीतरी तरुण मुली. त्यांच्या हातचं काम मी रोज उघडून बघत होतो. त्यात काही कमी नव्हतं.