सोनकी की सोनकडी? पुरंदरच्या उतारावरची पिवळी फुलं

सप्टेंबर संपता संपता पुरंदरला जाऊन आलो. दिवे घाटातून सासवड, पुढे नारायणपूर. गाडी पार वरपर्यंत जाते, पण फुलं बघायची असतील तर गाडी खालीच ठेवा आणि पायवाटेने चढा, कारण खरी मजा त्या उघड्या मुरमाड उतारावर आहे, माती जेमतेम आणि सगळीकडे नुसतं पिवळं.

आता गंमत अशी की या पिवळ्याला सगळे सरसकट सोनकी म्हणतात, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सोनकडी या दुसऱ्या रानफुलालाही, आणि इन्स्टावर तर कॉसमॉसलासुद्धा. फोटो समोरून काढला की सगळी सारखीच दिसतात, म्हणून फूल न तोडता हलकेच कलतं करून मागची बाजू बघा. सोनकीच्या बुडाशी हिरव्या पट्ट्या एकाच ओळीत, सारख्या उंचीच्या, एकमेकींना चिकटून उभ्या असतात, अगदी तळाशी दोन-चार बारक्या सोडल्या तर सगळं बरणीसारखं गुळगुळीत. सोनकडीचं तसं नाही, तिथे त्याच पट्ट्या बारीक टोकदार, एकावर एक कितीतरी ओळींत, बाहेरच्या आखूड न् आतल्या लांब. एकदा हे बघितलं की मग लांबूनही कळायला लागतं, सोनकीच्या पाकळ्या रुंद आणि मोजक्या, सोनकडीच्या अरुंद आणि दाट, शिवाय सोनकडीचं झाड काटक, खरखरीत, लांब बारीक देठावर एकेक फूल. पानं एकाआड एक आहेत का एवढ्यावर जाऊ नका, दोघींचीही तशीच असतात. सोनकडीचं पान मात्र बिनदेठाचं, खोडाला कवेत घेतल्यासारखं.

कॉसमॉस ओळखायला सोपा. पानं समोरासमोर आणि चिरलेली, फूल केशरीकडे झुकणारं. हा मूळचा मेक्सिकोचा, बागेतून रानात घुसलेला, त्याचं कौतुक करायची गरज नाही. आणि पिवळ्यावर दोन लाल ठिपके दिसले तर तो कवळा, वाटाण्याच्या कुळातला, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

जाणार असाल तर ओळखपत्र न्याच, गड लष्कराच्या ताब्यात आहे, गेटवर विचारतात. सकाळी लवकर निघा, उतारावर सावली औषधालाही नाही. शूज चांगल्या ग्रिपचे हवेत, सुटा मुरूम उतरताना जास्त सटकतो. प्रत्येक झाडाचे तीन फोटो घ्या, समोरून, मागून आणि पानाचा, नाहीतर घरी येऊन भांडत बसाल. पायवाट सोडून फुलांत लोळू नका प्लीज. येताना सासवडला सीताफळं घ्या, सीझन असतो, फक्त आधी दर विचारा.